सत्तावीसपैकी शून्य

भोकरवाडीत बायकांचं दुःख मोजायला माणूस आलं तेव्हा पूर ओसरून अठरा दिवस झाले होते. तोवर बाकी सगळं मोजून झालं होतं. तलाठी येऊन पडलेल्या भिंती मोजून गेला, कृषी सहायक आडवी झालेली कपाशी मोजून गेला, आणि जनावरांच्या दवाखान्यातला माणूस मेलेली जनावरं मोजून गेला. ज्यांचे मुडदे सापडले तीच त्याच्या वहीत मेली. वाहून गेलेली सगळी सरकारी कागदावर अजून जिवंत होती, फक्त फरार होती. राहता राहिलं बायकांचं मन. ते मोजायला छत्रपती संभाजीनगरहून 'मनोदय प्रतिष्ठान'ची पांढरी गाडी आली.

गाडीतून सायली उतरली. वय चोवीस, पाठीवर सॅक, हातात टॅब, पायांत पांढरेशुभ्र बूट. वेरूळच्या डांबरी रस्त्यावरून सात किलोमीटर आत, पुरानंतरच्या चिखलात, पांढरे बूट. गावची आशाताई रत्नमाला हिला ते बूट बघूनच त्या पोरीची दया आली.

रत्नमाला अकरा वर्षं आशाचं काम करत होती. सरकारला ज्या ज्या गोष्टीची आठवण होते तिचं एक रजिस्टर रत्नमालाच्या पिशवीत येऊन पडतं. गरोदर बायका, लसीकरण, क्षय, साखर, बीपी, डासांच्या अळ्या, संडास. 'मन' हे चौदावं.

"ताई, फक्त नऊ प्रश्न आहेत," सायली म्हणाली. "गेल्या दोन आठवड्यांत असं किती वेळा वाटलं, एवढंच विचारायचं. कधीच नाही म्हणाल्या तर शून्य, रोज म्हणाल्या तर तीन. शेवटी बेरीज. जास्तीत जास्त सत्तावीस."

"पास व्हायला किती लागतात?"

"यात पास-नापास नसतं. कमी पडले तर चांगलं."

"कमी मार्क चांगले? मग आमच्या गावचा दहावीचा निकाल लईच चांगला म्हणायचा," रत्नमाला म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून पुढं निघाली.

पहिलं घर सुगंधाबाईचं. सुगंधाबाई म्हणजे पंचेचाळिशीची, अंगानं भक्कम, आवाजानं त्याहून. सायलीनं टॅबवर बघून पहिला प्रश्न वाचला. "दैनंदिन कृतींमध्ये स्वारस्य अथवा आनंद न वाटणे."

"कंच्या कृती?"

"म्हणजे मावशी, रोजची कामं. जी तुम्हाला आवडतात ती."

"भांडी, धुणं, शेण, सरपण," सुगंधाबाईनं बोटांवर मोजलं. "यातली कंची आवडाया पायजे, ती सांग. आवडून घेते."

सायलीनं तीन टाकले. तेवढ्यात सुगंधाबाईनं रत्नमालाला बाजूला ओढून कानात विचारलं, "याच्यावर शिलाई मशीन हाय ना?" मागच्या वर्षी शेजारच्या गावात अशीच एक पोरगी टॅब घेऊन आली होती, आणि दोन महिन्यांनी तिथं सहा शिलाई मशीनं आली होती. तेव्हापासून या पट्ट्यात टॅब म्हणजे मशीन हे पक्कं झालं होतं. रत्नमालानं नाही म्हणून सांगितलं. आशाताई नाही म्हणते म्हणजे नक्कीच आहे, असा सुगंधाबाईनं अर्थ काढला आणि पुढच्या प्रश्नांना ती कंबर कसून बसली.

"झोप लागते का?"

"झोप? झोप कशाशी खातेत तेच इसरले."

रत्नमालानं तिच्याकडं बघितलं. आदल्याच दिवशी भर दुपारी हिचं दार वाजवून वाजवून रत्नमालाचा हात दुखला होता आणि आतून घोरणं ऐकू येत होतं.

"भूक लागते का?"

"अजाबात नाय," सुगंधाबाई म्हणाली आणि पदरातल्या शेंगा सोलत राहिली.

शेवटचा प्रश्न विचारताना सायलीचा आवाज खाली गेला. जगणं नकोसं झालंय, मरून जावं, असं काही मनात येतं का?

"मशीन येईस्तवर नाय," सुगंधाबाई म्हणाली.

मशीनची बातमी टॅबच्या पुढं पुढं धावत होती. दुपारपर्यंत भोकरवाडीत सत्तेचाळीस बायकांची परीक्षा झाली आणि एकीलाही बाविसाच्या खाली मार्क पडले नाहीत. दारं आधीच उघडी, चेहरे आधीच पाडलेले. एकीनं तर प्रश्न संपल्यावर "अजून काय असंल तर टाका" असं सुचवलं. सायली गाडीत जाऊन रडली. त्या दिवशी भोकरवाडीत डोळ्यांतून खरं पाणी काढणारी ती एकटीच.

अठ्ठेचाळिसावं घर भागूबाईचं. गाव संपून ओढा लागतो तिथं खोपट. धनगराचं घर, मेंढरांवर चालणारं. आता मेंढरं नव्हती. भागूबाई पन्नाशीची, वाळकी, उन्हानं काळी पडलेली. ती खाली वाकून खुंटीला जाळी बांधत होती. मेंढरं रात्री इकडंतिकडं जाऊ नयेत, लांडगा आत शिरू नये म्हणून चारी बाजूंनी खुंट्या ठोकून सुतळीची जाळी ताणतात. तिला वाघर म्हणतात. भागूबाईनं वाघर चांगली तारेसारखी ताणली होती. आत काहीच नव्हतं. चिखल होता, आणि त्यात पाण्यानं गुळगुळीत झालेल्या लेंड्या.

सायली विचारत गेली. भागूबाई गाठ मारत गेली.

"झोप लागते?"

"व्हय."

"भूक?"

"हाय की."

"उदास वाटतं?"

"नाय."

"मरून जावं असं..."

"नाय."

सायलीनं बेरीज दाखवली. शून्य. दिवसभरात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "बघा ताई, किती खंबीर बाई! बेचाळीस मेंढ्या गेल्या तरी शून्य!"

रत्नमाला वाघरीकडं बघत होती. तिला ठाऊक होतं की पूर गेल्यापासून रोज दिवस मावळायच्या आत ही बाई खुंट्या ठोकते, वाघर लावते, आणि उजाडलं की काढते. आत एक शेपूटही नसताना. नऊ प्रश्नांत वाघरीबद्दल प्रश्न नव्हता.

भागूबाईचा नवरा खंडेराव बाजेवर बसला होता. तो खूश होता. "पहिलं दिवसभर तोंड चालायचं हिचं. आता अठरा दिस झाले, सबुद नाय. पुरानं एवढं तरी बरं केलं."

रत्नमाला भागूबाईजवळ उकिडवी बसली. "मावशी, माझ्याशी तरी खरं बोल."

"काय खरं? मानूस गेलंय का माझं?" भागूबाई सुतळीला पीळ देत म्हणाली. "मेंढरासाठी रडतं का कुनी? जा, तुझी घरं राहिली असतील."

हे मात्र खरं होतं. माणूस गेलं असतं तर गावच्या बायका दहा दिवस आळीपाळीनं येऊन बसल्या असत्या. गळ्यात गळा घालून, गेलेल्याचं नाव घेऊन, हेल काढून रडल्या असत्या. जिला रडू येत नाही तिलाही त्या हेलात ओढून घेतलं असतं, आणि चूल शेजारणींनी सांभाळली असती. मेंढरांना ही सोय नव्हती.

रत्नमालानं त्यानंतर हातपाय हलवून बघितले. तालुक्याच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा मनाचे डॉक्टर येतात. त्यांच्याकडं पाठवायचं तर सायलीनं फोनवर घालून दिलेल्या अ‍ॅपमधून चिठ्ठी निघावी लागते. रत्नमालानं भागूबाईचं नाव टाकलं. अ‍ॅपनं उत्तर दिलं, 'गुण शून्य. उपचारांची आवश्यकता नाही. अभिनंदन!' आणि वर एक टाळ्या वाजवणारा हात. मग ती खंडेरावाकडं गेली. तो म्हणाला, "येडी हाय का ती? डोक्याच्या डाक्टरकडं नेली तर भावकीत काय तोंड दाखवू?" भागूबाईला विचारलं तर तिनं खुंटी ठोकायचा दगड खाली ठेवला, आणि रत्नमालाला तो दगड पुन्हा उचलला जायच्या आत निघून आलेलं बरं वाटलं.

ज्या सत्तेचाळीस बायकांना ढीगभर मार्क पडले होते त्यांच्यासाठी मनोदयनं मोबाइलवर एक क्लिप पाठवली. मागं बासरी, पुढं एक बाई सांगते, श्वास आत घ्या, श्वास सोडा, तुम्ही हिरव्या कुरणात आहात. मोबाइल नवऱ्यांकडं असल्यामुळं क्लिपही त्यांनाच लागू पडली. सुगंधाबाईचा नवरा ती ऐकत बांधावर असा झोपला की बैल दुसऱ्याच्या वावरात गेले.

दीड महिन्यानं सायली पुन्हा टॅब घेऊन आली. दुसरी मोजणी. मशीन आलं नव्हतं, त्यामुळं बायकांनी मार्क आणखी वाढवले. सुगंधाबाईनं तर सत्तावीसच्या सत्तावीस गाठले, आणि रत्नमालाला हसू आवरेना. भागूबाईचा पुन्हा शून्य. प्रतिष्ठानचे संचालक इंद्रजीत सर यांनी आकडे बघून सायलीला ऑफिसात बोलावलं, असं तिनंच रत्नमालाला फोनवर सांगितलं.

"सर म्हणाले, अख्ख्या गावात आपल्या क्लिपनं एकही बाई सुधारली नाही? मी म्हटलं, एक आहे सर, भागूबाई. शून्य. सर म्हणाले, आधी किती होते? म्हटलं, आधी पण शून्य. सरांनी आकड्याभोवती पेनानं गोल काढला. मग म्हणाले, पूर आला तरी शून्य? सायली, हीच आपली बाई!"

"कसली आपली बाई?"

"'हसरी सखी' पुरस्कार, ताई! येत्या गुरुवारी क्रांती चौकाजवळच्या हॉलमध्ये. सत्कार, शाल, जेवण. गाडी पाठवतो आम्ही. तुम्ही पण या त्यांच्यासोबत."

रत्नमालाच्या तोंडात शब्द आला होता, की पोरी, तुमच्या यादीतली सगळ्यात आजारी बाई हीच आहे, तिला कसल्या शाली घालता. पण अकरा वर्षं सरकारी योजना हाताळलेलं माणूस आधी सगळं ऐकून घेतं.

"स्टेजवर कोण कोण हाय?"

सायलीनं नावं वाचली. एक माजी सभापती, एक बँकेचे साहेब, "आणि प्रमुख पाहुण्या डॉ. विशाखा मॅडम. मोठ्या मानसोपचारतज्ज्ञ आहेत. त्यांच्या शेजारीच बसवू मावशींना."

रत्नमालानं शब्द गिळला. "आणते," ती म्हणाली.

म्हणजे हिशेब असा होता. दुःखी बायकांना बासरी. आणि गावातली जी एकच बाई कागदोपत्री सुखी निघाली, तिला दारात गाडी आणि डॉक्टरच्या मांडीला मांडी लावून खुर्ची. रत्नमालानं ही चूक दुरुस्त केली असती तर भागूबाई पुन्हा वाघरीपाशी एकटी.

सत्काराला खंडेराव लगेच तयार झाला. डोक्याच्या डॉक्टरला ना करणारा माणूस सत्काराच्या नावानं फेटा शोधायला लागला. भागूबाई म्हणाली, "मला कायला? म्या काय केलं?" पण गाव दारात जमलं होतं, आणि चारचौघांत नाही म्हणायलाही अंगात जीव लागतो. सुगंधाबाई आपली गुलमंडीच्या बाजारातून आणलेली कोरी साडी घेऊन आली.

"घे, नेस. काय वं, घसा कोरडा करून मला सत्तावीस पडले, आन हिला शून्यावर गाडी!" असं ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मग भागूबाईच्या निऱ्या बसवता बसवता रत्नमालाकडं मान वळवून हळूच बोलली, "हिला बरं नाय. ने हिला. तिथं कायबी कर, पन मोकळी करून आन."

गुरुवारी हॉलमध्ये दीडशे खुर्च्या आणि स्टेजच्या मागं, छताजवळच्या आडव्या पाइपाला दोऱ्यांनी बांधलेला भला मोठा फ्लेक्स. त्यावर डोक्यावर घागर घेतलेली एक बाई बत्तीस दात काढून हसत होती. ती बाई मराठवाड्यातली नव्हती हे दातांवरूनच कळत होतं. तिच्या बरोबर खाली मधल्या खुर्चीत भागूबाई बसली, हात मांडीत, नजर स्वतःच्या अंगठ्यावर. खंडेराव पहिल्या रांगेत. सुखी बाईचा नवरा म्हणून तीन जणांनी त्याचा हात हातात घेतला होता आणि तो सगळ्यांना सांगत होता, "आमच्या घरात वातावरनच तसं हाय."

रत्नमाला डॉक्टर विशाखांना गाठायला बघत होती. पहिल्यांदा गेली तेव्हा दीपप्रज्वलन चालू होतं. दुसऱ्यांदा गेली तेव्हा पुष्पगुच्छ. प्रत्येक पाहुण्याला पुष्पगुच्छ, मग ज्यानं दिला त्यालाही पुष्पगुच्छ. तिसऱ्यांदा तिनं स्टेजच्या पायरीवरच मॅडमचा पदर धरला.

"मॅडम, एक पेशंट हाय."

डॉक्टर विशाखा साठीच्या, केस कापलेल्या, आवाज दमलेला. "मंगळवारी ओपीडीला आणा."

"ती ओपीडीत यायची नाय, मॅडम. म्हणून तर इथं आणलीय."

"कुठंय?"

"ती काय. मधल्या खुर्चीत."

"सत्कारमूर्ती?" डॉक्टर हसल्या. त्यांना तो विनोद वाटला. तेवढ्यात इंद्रजीत सरांनी "मॅडम, फोटो" म्हणून त्यांना खांद्याला धरून फिरवलं आणि रत्नमाला पायरीवर एकटी उरली.

इंद्रजीत सर बोलायला उभे राहिले. सरांचा सदरा खादीचा, जॅकेट सिल्कचं, आणि वाक्यं प्रकल्प अहवालातली. "पुरानं भागूबाईंची मेंढरं नेली, कपडे नेले, भांडी नेली. पण मित्रहो, एक गोष्ट पुराला नेता आली नाही. ती म्हणजे त्यांचं हास्य!"

सगळ्यांनी भागूबाईकडं बघितलं. हास्य तिथं नव्हतं. फोटोवाला गुडघ्यावर बसून म्हणाला, "मावशी, स्माईल."

त्याच क्षणाला फ्लेक्सचा डावा दोर सुटला. घागरवाली बाई हसत हसत खाली आली आणि इंद्रजीत सर, माजी सभापती, बँकेचे साहेब अशा डाव्या बाजूच्या सगळ्यांना पोटात घेऊन बसली. सरांच्या हातात माइक होता. दोन वाक्यं ते आतूनच बोलले. माणसं धावली, कोणी समई विझवली, कोणी फ्लेक्स धरून उलट्या दिशेला ओढला, आणि सभापती आणखी गुंडाळले गेले.

भागूबाई उठली. पुरानंतर वाघर सोडून दुसऱ्या कशासाठी ती पहिल्यांदाच स्वतःहून उठली असावी. तिनं पदर खोचला, खुर्चीवर चढली, लोंबणारा दोर हातात घेतला, पाइपाला दोन वेढे दिले, एक टोक आतून काढलं आणि आवळलं. चार सेकंदांचं काम. फ्लेक्स ढोलकीसारखा ताठ झाला.

टाळ्या पडल्या. खंडेराव उभा राहून म्हणाला, "बघा! आमचं काम!" इंद्रजीत सर विस्कटलेल्या केसांनी बाहेर आले, पण प्रसंग ओळखायला ते चुकले नाहीत. "हीच ती जिद्द!" म्हणत त्यांनी माइक भागूबाईच्या तोंडाशी धरला. "मावशी, दोन शब्द!"

भागूबाई खुर्चीवरच उभी होती. तिची नजर गाठीवर होती.

"ही आता सुटायची नाय," ती म्हणाली.

टाळ्या.

"माझी गाठ सुटत नाय."

पुन्हा टाळ्या.

"त्या दिशीबी सुटली नाय."

या वेळी टाळ्या थोड्या कमी पडल्या. कुणीतरी मागं एकट्यानं वाजवल्या आणि थांबला.

"पाऊस हुता म्हनून मेंढरं सोडली नव्हती. लांडगा फिरत हुता, म्हनून वाघर आवळली. म्याच आवळली. हे वेरूळला गोळ्या आणाया गेले हुते. दुपारी वढा आला. मी गुडघाभर पान्यात गाठ सोडाया बसले. सुतळी भिजली का फुगती, बोट जात नाय आत. आतून समदी माझ्याकडं बघाया लागली. वरडत नव्हती. म्या सोडीन म्हनून बघत हुती. मी कोयता आणाया खोपटाकडं पळाले. आले तवा वाघर तशीच ताठ, आन वरून पानी. राती खुंट्या उपटल्या, तवा मेलेली व्हावून गेली." तिनं गाठीवरून अंगठा फिरवला. "सैल बांधली असती तर निम्मी तरी निसटली असती. समदे म्हनतेत पुरानं नेली. पुरानं नाय नेली. म्या बांधून ठिवली."

पहिल्या रांगेत खंडेरावानं फेटा काढला आणि मांडीवर ठेवला. गोळ्या त्याच्या गुडघ्यासाठी होत्या.

इंद्रजीत सर सावरले. "अत्यंत भावनिक क्षण..." म्हणून त्यांनी माइक काढून घ्यायला हात पुढं केला. डॉक्टर विशाखांनी त्यांचं मनगट धरलं. "बसा," त्या म्हणाल्या. सर बसले. मग डॉक्टरांनी रत्नमालाकडं बघितलं, पायरीवर उभ्या असलेल्या, आणि मानेनं बोलावलं. "दोन खुर्च्या. फ्लेक्सच्या मागं. आणि कुणाला येऊ देऊ नका."

कार्यक्रम मग आभारांवर आला. आभार मानणाऱ्यानं बावीस जणांचे आभार मानले, पण एकही माणूस त्याच्याकडं बघत नव्हता. सगळ्यांची नजर फ्लेक्सच्या खालच्या कडेवर होती. तिथून चार पाय दिसत होते. दोन सँडलमधले, दोन भेगाळलेले.

रत्नमाला फ्लेक्सच्या टोकाशी पहाऱ्याला उभी राहिली. साधारण अर्ध्या तासानं हॉलचा मॅनेजर अप्पाराव घाईनं आला. "अहो ताई, चारला साखरपुडा आहे इथं. हा फ्लेक्स काढायचाय." त्याच्या माणसांनी गाठीशी झटापट केली. दोघांची नखं तुटली. अप्पाराव म्हणाला, "कापा मग दोर." रत्नमाला म्हणाली, "आत पेशंट तपासणं चालू हाय. कापून दाखवा." अप्पारावानं दीडशे लग्नं निभावली होती. कोणती बाई मागं सरकणार नाही हे त्याला चेहऱ्यावरून कळायचं. तो दाराकडं वळला.

आणि मग मागून हेल आला.

आधी बारीक, मग वर चढणारा, मग अख्ख्या हॉलभर. "माझी काळतोंडी गंऽऽ... माझी बांडी गंऽऽ..." एकेकीचं नाव घेऊन. डॉक्टर बाईंना हे पुस्तकात नसावं, पण त्यांनी भागूबाईचा हात सोडला नाही. रत्नमाला पहारा सोडून आत गेली आणि तिच्याजवळ खाली बसली.

साखरपुड्याच्या जेवणासाठी मागच्या पडवीत आचाऱ्याकडच्या पाच-सहा बायका वाटाणे सोलत होत्या. हेल ऐकल्यावर काय करायचं हे त्यांना सांगावं लागलं नाही. वाटाण्याची ताटं सरकवून त्या आत आल्या, भागूबाईच्या भोवती बसल्या, आणि त्यातल्या वयस्कर बाईनं रत्नमालाला हळूच विचारलं, "कोन गेलं वं?"

"मेंढरं," रत्नमाला म्हणाली.

बाईनं विचारलं, "किती?"

"बेचाळीस."

"माय गंऽऽ," म्हणून तिनं पदर तोंडावर ओढला आणि सुरात सूर मिळवला.

दारात साखरपुड्याची मंडळी आली होती. नवरीची आत्या गजरे घेऊन उभी, आणि आतून सात बायकांचा आक्रोश. अप्पाराव दारात आडवा होऊन हात जोडत होता. "काही नाही, काही नाही, सत्कार चालू आहे." नवऱ्या मुलाचे वडील म्हणाले, "सत्काराला असं रडतात?" अप्पाराव म्हणाला, "फार मोठा सत्कार आहे."

साडेचारला भागूबाई बाहेर आली. तोंड सुजलेलं, नाक लाल, सुगंधाबाईची साडी पार चुरगळलेली. तिनं गाठीशी झोंबणाऱ्या माणसांना बाजूला केलं, खुर्चीवर चढली, गाठीची एक बाजू अंगठ्यानं दाबली, दुसरी ओढली. दोर सुटून हातात आला.

"कोरडी हाय," ती अप्पारावाला म्हणाली. "कोरडी सुटती."

परतीच्या वाटेवर गाडीत, दौलताबाद मागं पडल्यावर खंडेराव खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मला का नाय सांगितलं?" भागूबाई म्हणाली, "तुमी कवा इचारलं?" वेरूळला त्यानं गाडी थांबवून तिच्यासाठी चहा आणला. तीस वर्षांच्या संसारात चहा त्या दिशेनं पहिल्यांदाच गेला असावा, कारण कप कसा द्यायचा ते त्याला कळेना आणि अर्धा त्याच्याच धोतरावर सांडला.

डॉक्टरांनी मंगळवारी बोलावलं होतं. भागूबाई एसटीनं गेली. कुठं निघालीस म्हणून पारावरच्यांनी विचारलं तर म्हणाली, "सत्काराला." पुढच्या मंगळवारीही सत्कार. त्याच्या पुढच्याही. "एवढा कसला सत्कार चाललाय?" असं कुणी म्हटलं की खंडेराव उत्तर द्यायचा, "असतो एकेकाचा मोठा."

वाघर ती अजून लावते. एकदम सुटत नाही म्हणाली. पण एक बाजू मोकळी ठेवते.

सायली तिसऱ्यांदा टॅब घेऊन आली तेव्हा भागूबाईनं नऊ प्रश्न नीट ऐकले, नीट उत्तरं दिली. मध्ये एकदा थांबली, रडली, मग पुढचं सांगितलं. बेरीज एकोणीस. इंद्रजीत सर हादरले. पुरस्कार दिलेली बाई शून्यावरून एकोणिसावर! त्यांनी भोकरवाडी अहवालातून वगळून टाकली. डॉक्टर विशाखांना रत्नमालानं फोनवर आकडा सांगितला, तर त्या म्हणाल्या, "एकोणीस? छान. आता कुठं सुरुवात झाली."

चौथ्या मंगळवारी सकाळी रत्नमाला भागूबाईला एसटीत बसवून द्यायला गेली, तर सुगंधाबाई आधीच खिडकीजवळची जागा धरून बसलेली. चुरगळलेली साडी इस्त्री करून नेसलेली.

"तू कुठं निघालीस?"

"सत्काराला."

"तुला काय झालंय वं? मशीन नाय मिळत तिथं."

"ठावं हाय." सुगंधाबाई खिडकीबाहेर बघत राहिली. गाडी सुरू झाली तेव्हा ती तशीच, बाहेर बघतच बोलली, "पूर आल्यापासनं राती वढ्याचा आवाज ऐकत बसते मी, रत्ने. जरा वाढला का उठून बघते. मग दुपारी कवातरी डोळा लागतो. तू दार वाजवत हुतीस ना त्या दिशी, तवा लागला हुता."

रत्नमाला हळूहळू निघालेल्या गाडीच्या खिडकीला हात लावून चालत होती. "मग तवाच का नाय सांगितलं?"

"सांगितलं की," सुगंधाबाई म्हणाली. "सत्तावीसच्या सत्तावीस सांगितले. तूच हसलीस."

एसटी वळणावर गेली. रत्नमालानं पिशवीतून चौदावं रजिस्टर काढलं आणि पहिल्या घरापासून पुन्हा निघाली.